किरण गेला, किरण गेली

“त्यानं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला.”

अमरावतीच्या एका प्रकाशकांनी माझं वाक्य मोठ्यानं वाचलं. त्यांना सगळे सर म्हणायचे. खोलीत त्यांचे एक प्राध्यापक मित्र बसलेले. मी दाराजवळ उभा. बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

“कोणी कोणाचा पाय घेतला? याला व्याकरणसुद्धा येत नाही.” दोघं हसले. सरांनी पान उलटलं, पुढचं वाचलं आणि हसणं बदललं. “अच्छा! दोघेही पुरुषच होय!” प्राध्यापकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्यासोबत मीही हसलो.

मी अकोल्यात एका छापखान्यात टायपिंग करायचो. लग्नपत्रिका, दुकानांची पत्रकं. त्याआधी टीव्ही मालिकेतल्या दोन नायकांच्या प्रेमाच्या गोष्टी टोपणनावानं मोबाइलवर लिहायचो. लोक शोधून शोधून वाचायचे, कारण ते दोघं त्यांच्या ओळखीचे होते. ही कादंबरी मात्र माझी होती. यातला किरण झेंडू पिकवणारा, सदा बडनेऱ्याला रेल्वेत. त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आणि मला ते कागदावर हवे होते, पुस्तकात, माझ्या खऱ्या नावानं. कारण किरण म्हणजे बार्शीटाकळीचा गजू. नऊ वर्षं तो माझा आणि मी त्याचा होतो. काटा त्यानं माझ्याच पायातून काढला होता. त्यानं हे पुस्तक हातात घ्यावं, एवढीच माझी हौस.

“विदर्भातले ना तुम्ही?” सर म्हणाले. “मग शेतकरी आत्महत्यांवर लिहा. लोक तेच मागतायत. या दोघांचे चोचले वाचणार कोण? यांना ओळखतं कोण?”

मग त्यांनीच तोडगा काढला.

“नाव किरणच राहू द्या, मुलीचंही असतं. फक्त गेलाचं गेली करा. काना काढायचा, वेलांटी द्यायची. छापतो मी.”

मी हो म्हणालो. कोणी हात पिरगळला नव्हता.

सगळीकडं एका झटक्यात बदल करायची सोय संगणकात असते. ती वापरली असती तर सरपंच आणि स्टेशनमास्तरही बाया झाले असते. म्हणून एकेक वाक्य वाचायचं. हा किरण आहे का? आहे. काढ काना. आला, हसला, रुसला, रडला. अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत हेच केलं. त्याची मिशी काढली, त्याला साडी दिली. बोटं थांबली नाहीत. उलट काम सफाईनं झालं याचा थोडा अभिमानही वाटला. ते आठवलं की आजही स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

पुस्तक आलं. अकोल्याच्या फुलबाजारात जाऊन गजूला दिलं. त्यानं हात पुसून घेतलं. चार दिवसांनी तो छापखान्यात आला.

“हे कोन आहे?”

“तूच आहेस रे.”

“मी?” तो म्हणाला. “मले साडी नेसवली तुनं. काहून?”

“नाहीतर छापत नव्हते ते.”

“मंग नसतं छापलं! सोयाबीन गेलं, झेंडू उकिरड्यावर फेकला, तरी कोनापुढं मान खाली नाही घातली मी. तुह्या पुस्तकानं घालाले लावली.”

बाई होणं कमीपणाचं असतं असं नाही. पण गजू बाई नव्हता. पुस्तक टेबलावर ठेवून तो गेला. नंतर माझा फोन त्यानं उचलला नाही.

महिन्याभरात अमरावतीला माझा सत्कार ठरला. मी नाही म्हणायला हवं होतं. गेलो. तेच प्राध्यापक बोलायला उभे राहिले. “एका पुरुषानं स्त्रीच्या मनात इतकं खोल उतरावं!” टाळ्या झाल्या. सरांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. ती शाल मला सहन होईना. मी ती काढून टेबलावर ठेवली आणि माइकसमोर गेलो.

“किरन बाई नाही. बाप्या मानूस आहे. त्याले बाई म्या केलं. यायनं सांगतलं आन म्या केलं, माह्या हातानं. मले हा सत्कार नको.”

“माइक बंद करा,” सर म्हणाले.

माइक बंद झाला. मी तेच पुन्हा म्हणालो, ओरडून. पहिल्या रांगेतले लोक चपलांकडे बघत बसले.

खाली उतरल्यावर हलकं वाटलं, असं म्हणणार नाही. गजू अजून बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. सरांनी माझा अपमान एकदा केला. मी त्याचा अकरा दिवस केला, सावकाश, वाचून वाचून.

सरांना लेखी कळवलंय, ते पुस्तक माझं नाही. आता पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करतोय. आमच्या छापखान्याचा मालक छापणार नाही म्हणतो. दुसरा बघीन. वाचणारा एकही मिळाला नाही तरी हे पुस्तक निघेल. पहिली प्रत घेऊन बार्शीटाकळीला जाईन. गजूनं दार लावून घेतलं तर बाहेर उभा राहीन. पण यापुढं कोणाच्याही सांगण्यावरून त्याचं एक अक्षर बदलणार नाही.