तीन हाका

तळ्याकाठच्या साम्फ्यात बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर मासळीचं एक जुनं गोदाम आहे. त्याच्या दारावर निळ्या रंगात ‘चिसुमा’ लिहिलंय, म्हणजे सुंदर वस्तू. एव्हारिस्टो चान्सानं अठरा वर्षांपूर्वी ते स्वतः रंगवलं. तेव्हा आत माशांचा वास इतका मुरलेला होता, की पहिली दोन वर्षं तालमी बघायला माणसांपेक्षा मांजरंच जास्त यायची. मत्स्यखात्यात कारकुनी करणारा हा माणूस. कचेरी सुटली की गोदामात यायचा, आजूबाजूच्या मुलामुलींना ढोल आणि नाच शिकवायचा, नाटकं लिहायचा, बसवायचा आणि शनिवारी बाजारातल्या आंब्याखाली त्यांचे खेळ करायचा. थोरल्या लेकीवरून सगळं गाव त्याला बाशी ब्वाल्या म्हणायचं, ब्वाल्याचा बाप.

चिसुमा ही नाटकमंडळी त्यानं एकट्यानं काढली नव्हती. पहिल्या दिवसापासून बाना कालाबा बरोबरीनं होती. कालाबाची आई ती. शिवणकाम करून पोट भरणारी विधवा, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर गोदामात ऐकू यावी. तिनं आपलं शिलाईचं मशीन डोक्यावर घेऊन गोदामात आणलं आणि तिथंच मांडलं. तो नाटक लिहायचा, ती कपडे शिवायची. तो चिडला की नट पळून जायचे, आणि त्यांना समजावून परत आणायची ती.

“त्यांच्या तोंडाकडे बघू नका, पायांकडे बघा,” ती पोरांना म्हणायची. “पाय घराकडे वळलेत का? नाही ना? मग तो राग नाही, भूक आहे. जा, त्यांना कंद द्या भाजून.”

एकदा चिशी बेटावर खेळ करून मंडळी परतत होती. भर दुपारी होडीचं इंजिन बंद पडलं. नावाडी ते खोलून बसला, बाकीचे ढोलांवर डोकी टेकून झोपले. बाना कालाबा पाण्याकडे बघत बसली होती. बघता बघता तिनं सांगायला सुरुवात केली.

तिचा नवरा आठ महिने अंथरुणावर होता. त्या काळात घरोघर माणसं नेणारा जो आजार होता, तोच. नवऱ्याच्या घरचं कुणी फिरकलं नाही. कालाबा तीन वर्षांचा. धुणं, पुसणं, उचलणं, भरवणं, सगळं तिच्या एकटीवर. एके दुपारी ती घरामागं भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. आतून त्यानं पाणी मागितलं. ती उठली नाही. पुन्हा मागितलं. ती शेंगा फोडत राहिली. तिसरी हाक आली तेव्हा तिनं मनात म्हटलं, एवढी टोपली होऊ दे. चौथी हाक आलीच नाही.

“मला ऐकू येत होतं, बाशी ब्वाल्या,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा ऐकू आलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कालाबाला तर नाहीच. तुम्हीही विसरून जा.”

“विसरलो,” तो म्हणाला. त्या वेळी त्याला ते खरंच वाटलं होतं.

सहा वर्षं गेली. कालाबा चोवीस वर्षांचा झाला, चिसुमाचा सगळ्यात चांगला नट झाला. पण बाशी ब्वाल्याचं लिहिणं आटलं होतं. तेच दारुडे, तीच सावत्र आई, तोच गावचा मुखिया. लोक अर्ध्यातच मका घ्यायला उठून जायचे. अशातच प्रांताच्या कचेरीतून निरोप आला, की मान्साला नाट्यमेळा भरणार आहे, निवड करायला एक अधिकारी बाजारातला खेळ बघायला येईल. बाशी ब्वाल्या वही घेऊन बसला आणि चार दिवसांत नाटक लिहून मोकळा झाला. इतक्या सरसर त्यानं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

बाईचं नाव त्यानं बदललं. गाव बदललं. नवऱ्याला कोळी केलं. शेंगांऐवजी तिच्या हातात मासे दिले, ती मासे साफ करतेय असं लिहून बघितलं. पण ते जमेना. शेंग फुटल्याचा आवाज आणि आतली हाक, पुन्हा शेंग, पुन्हा हाक. त्यातच तर सगळा जीव होता. त्यानं मासे खोडून शेंगा परत लिहिल्या. नवऱ्याचं काम कालाबाला देताना त्याचं मन अडखळलं. पण तशी हाक दुसऱ्या कुणाला मारता येत नव्हती. एरवी नवं नाटक तो आधी बाना कालाबाच्या मशीनशेजारी बसून वाचून दाखवायचा. या वेळी नुसतं म्हणाला, “एका साध्या घरातल्या बाईसाठी लुगडं हवंय.” तिनं चितेंगेचं, बाया कमरेला गुंडाळतात तसलं तपकिरी कापड बेतलं, शिवलं, काठाला जुनं दिसावं म्हणून मुद्दाम दोन ठिकाणी उसवलंही. तालमी त्यानं ती बाजाराला जायची त्या दिवशीच ठेवल्या.

त्या शनिवारी आंब्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाना कालाबा सामानाच्या पेटीजवळ उभी होती, ऐन वेळी काही फाटलं तर असावी म्हणून सुई पोलक्याला खोचलेली. नाटकातली बाई झालेली चोम्बा भिंतीला टेकून बसली आणि शेंगा फोडू लागली. पडद्याआडून कालाबानं पाणी मागितलं.

बाजार गप्प झाला. दुसऱ्या हाकेला मागून एक म्हातारी ओरडली, “अगं ऊठ की!”

“ऐकू येतंय तिला! सोंग करतेय!”

“चेटकीण! ऊठ, चेटकिणी!”

तिसऱ्या हाकेला कुणीतरी आंब्याची कोय फेकून मारली. ती चोम्बाच्या खांद्याला लागली, पण पोरगी काही जागची हलली नाही. बाशी ब्वाल्याला वाटलं, इतकं मोठं काही आपल्या हातून कधी झालं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यानं पेटीकडे बघितलं.

बाना कालाबा चोम्बाच्या हातांकडे बघत होती. मग तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, एकदाच. तिच्या नजरेत राग नव्हता. ओळखीचा शेजारी आपल्या बंद घरातून गाठोडं घेऊन बाहेर पडताना दिसावा, तसं तिनं बघितलं.

खेळ संपला तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत होत्या. अधिकाऱ्यानं तिथल्या तिथं मान्साचं आमंत्रण दिलं. कालाबा धावत आईकडे गेला. “मायो, कसं झालं?”

तिनं त्याच्या केसांतली सोंगासाठी फासलेली राख झटकली. “हाक फार खरी मारलीस,” ती म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिली.

सोमवारी ती गोदामात आली नाही. डोळ्यांना आता दोरा दिसत नाही, असा निरोप आला. बुधवारी बाशी ब्वाल्या तिच्या घरी गेला. ती उखळात कसाव्याचा पाला कुटत होती. तिनं त्याला स्टूल दिलं, आंबवलेल्या मक्याच्या मुंकोयोचा पेला भरून दिला आणि पुन्हा मुसळ हातात घेतलं.

“बाना कालाबा, माझं चुकलं.”

“प्या आधी.”

“नाव बदललं होतं मी. कुणाला कळणार नाही म्हणून...”

“कुणाला कळलं नाही. खरंय ते.” मुसळ थांबलं नाही. “अख्खा बाजार मला चेटकीण म्हणाला आणि मी टाळ्या वाजवल्या. नसत्या वाजवल्या तर शेजारणीनं विचारलं असतं, का गं, आवडलं नाही?”

“मी नाटक बंद करतो.”

“आणि पोराला काय सांगाल? त्याला आनंदानं जेवण जात नाहीये.”

“नाटक वाईट आहे म्हणून सांगेन.”

“वाईट नाहीच ते,” ती म्हणाली. मग तिनं मुसळ उखळात टेकवून ठेवलं. “एक सांगा. नाव बदललंत, गाव बदललंत. शेंगा तेवढ्या का ठेवल्यात हो?”

बाशी ब्वाल्या पेल्यात बघत राहिला. “बदलून बघितल्या. जमेना.”

“जमेना,” ती म्हणाली. “त्या दिवशी मलाही उठायला जमेना.”

तो उठला तेव्हा पेला तसाच भरलेला होता. ती त्याला कुंपणापर्यंत सोडायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोदामात सगळ्यांना बसवून सांगितलं, की नाटक बंद, मान्साला जायचं नाही. एकदम गलका उठला. चोम्बा रडायलाच लागली. तो एकच सांगत राहिला, नाटक कच्चं आहे, मला पसंत नाही.

कालाबा उभा राहिला. “बातात,” तो म्हणाला. वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं, पण शब्दात धार होती. “अठरा वर्षांत पहिल्यांदा आपल्याला कुणी बोलावलंय. तुमचं नाव झालं असतं तर चाललं असतं. माझं झालं म्हणून पोटात दुखतंय ना?”

“बस खाली, कालाबा.”

“नाही बसत. चिसुमा माझ्या आईनं उभी केली. डोळे गेले तिचे तुमचे कपडे शिवता शिवता. तुम्ही काय केलंत? दारावर रंग फासलात. कधी तरी तिच्या मनाचा विचार केलात?”

“मग तुझ्या आईलाच विचार!”

शब्द तोंडातून निघून गेले होते. कालाबा थबकला.

“तिला काय विचारू?”

काहीही सांगता आलं असतं. मी मत्सरी आहे का ते विचार, असं म्हणता आलं असतं. ज्याला अठरा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालायची सवय, त्याला स्वतःसाठी एक वाक्य सापडेना. कालाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “ती शेंगावाली बाई कोण आहे, बातात?”

बाशी ब्वाल्यानं मान खाली घातली. पोरगा दारातून निघून गेला.

पुढं कित्येक महिने त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच. बोलून गेल्याची नव्हे, तर मागं धावलो नाही याची. घर काही लांब नव्हतं. आडवाटेनं गेला असता तर कालाबाच्या आधी पोचून तिला सावध करता आलं असतं. पण तो बाकावर बसून एका ढोलाची दोरी आवळत राहिला, आणि ती दोरी आधीच घट्ट होती.

त्या घरात काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. शेजाऱ्यांना भांडण ऐकू आलं नाही, रडणंही नाही. तिसऱ्या दिवशी कालाबा पिशवी घेऊन दूरच्या कित्वे शहराच्या बसमध्ये बसला. आई त्याला पोचवायला आली होती, पण दोघं बसच्या दोन बाजूंना उभी होती, असं लोक म्हणाले.

बाशी ब्वाल्यानं गोदामाला कुलूप लावलं. महिनाभरानं किल्ली घेऊन तो बाना कालाबाकडे गेला. त्यानं ठरवून ठेवलं होतं: किल्ली तिच्या हातात द्यायची, चिसुमा संपली म्हणायचं आणि परत फिरायचं.

“दोनदा,” ती दारातूनच म्हणाली. “एकदा बाजारात विकलंत मला, एकदा गोदामात. दुसऱ्या वेळी तर कुणी टाळ्याही वाजवल्या नसतील.”

त्यानं किल्ली पुढं केली.

“ही कशाला?”

“बंद करतोय मी.”

“तुमच्या एकट्याचं आहे का ते, बंद करायला?” तिचा आवाज चढला. “माझं मशीन आहे तिथं. तीस पोरं आहेत. तुम्हाला लाज वाटतेय म्हणून चोम्बानं नाचायचं नाही होय? लाज वाटतेय तर वाटू द्या. घरी बसून वाटण्यापेक्षा झाडू मारता मारता वाटू द्या.”

सोमवारी ती गोदामात आली आणि मशीनवर बसली. डोळे तिचे ठीकच होते. तो झाडू मारत होता. त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “त्या कोपऱ्यात राहिलंय.”

आता नाटकं चोम्बा लिहिते, जमतील तशी. बाशी ब्वाल्या ढोल शिकवतो, बाक मांडतो, पावसात छपराखाली बादल्या ठेवतो. पाच महिन्यांनी एका रविवारी कालाबानं कित्वेहून आईला फोन केला. बाना कालाबानं दुपारी दोरा ओवता ओवता हे सांगितलं, की खाणीवर काम लागलंय त्याला, आणि माझा खोकला बरा आहे का विचारत होता. पुढचे काही रविवारही फोन आले.

“मला काही...” बाशी ब्वाल्यानं विचारलं.

“नाही. तुमचं नाव नाही काढलं.”

त्यानं मान हलवली आणि बादली बाहेर ओतायला गेला.

बाजारात मात्र ते नाटक कुणी विसरलेलं नाही. मासेवाल्या बाया अजून त्याला अडवतात. “बाशी ब्वाल्या, ते पाण्याचं नाटक परत करा की! तसं पुन्हा झालंच नाही हो.” त्याच्या कानशिलांना चटका बसतो.

“ते नाटक चोरीचं होतं,” तो म्हणतो.

बाया खळखळून हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय.