फक्त नावं बदलली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी तर नाहीच — तिथं मला फार मान आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बाबा दारव्हा-यवतमाळ जीप चालवतात आणि पुढच्या सीटवर बसेल त्याला माझ्या पुण्याच्या नोकरीचं सांगतात. ती कशी लागली, हे त्यांना ठाऊक नाही.

डिसेंबरात इंटरनेटवर रोज सकाळी साडेदहाला प्रोग्रामिंगचं एक नवं कोडं येतं. आमच्या कॉलेजच्या मुलामुलींचा त्यासाठी मोबाइलवर एक ग्रुप होता. नियम एकच — संध्याकाळी सातच्या आत कुणी कोड टाकायचा नाही. मग सगळ्यांनी टाकायचे, आणि कुणाचा आखूड, कुणाचा वेगवान, यावरून एकमेकांची खेचायची. पुण्यात नोकरीला असलेले आमचे सिनियर सुमेधदादा ते सगळे वाचत. आम्ही त्यांच्यासाठीच लिहायचो — खोटं कशाला बोलू?

प्रणाली माझ्या वर्गातली. सुट्टीत घाटंजीजवळच्या गावी जायची, घरच्या शेतात कापूस वेचायची. लॅपटॉप नव्हता. मोबाइलवर कोड लिहून मला पाठवायची; मी तो माझ्या लॅपटॉपवर चालवून काय आलं ते कळवायचो. कोडमध्ये ती शेतातली नावं वापरायची. आडव्या रांगेला तास — पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीला आमच्याकडे तासच म्हणतात — आणि शेवटी उरेल त्याला सरकी. मला हसू यायचं. पण तिचा कोड वाचला की कोडं सोपं वाटायचं, हेही खरं.

एके दिवशी कोडं कुणालाच सुटेना. मलाही नाही. तिचा कोड दुपारी आला आणि पहिल्याच फटक्यात बरोबर चालला. मी तिला तसं कळवलंही. सात वाजले. ग्रुप गप्प. तिच्या गावची रेंज गेली असावी. दादांनी विचारलं, आज कोणीच नाही का?

मी काय केलं असेल?

तासाचं ‘रो’ केलं. सरकीचं ‘रिमेनिंग’ केलं. आणि टाकला.

दादांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, लगेच बायोडेटा मागितला. थोड्या वेळानं प्रणालीचा कोड आला — तास, सरकी, सगळं तसंच. एकानं लिहिलं, "काय वं प्रणाली, फक्त नावंच बदलली का?" दुसऱ्यानं भर घातली की चोरीचा माल निदान धुऊन तरी आणायचा. ग्रुप हसला. तिनं कोड काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. कोडचं, बायोडेटाचं तिनं काहीच काढलं नाही. एवढंच विचारलं, "ते मले चोर म्हणून राह्यले होते, तवा तू काहून बोलला नाही?"

मी म्हणालो, मी नंतर ग्रुप पाहिलाच नव्हता.

बरं, ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मग ग्रुपही सोडला. मुलाखतीत मला तोच कोड समजावून सांगायला लावला — मी छान सांगितला.

पाहिला नव्हता? तो टोमणा आला त्याच क्षणी मी वाचला होता. त्याच्याखाली ज्यांनी ज्यांनी हसरा चेहरा टाकला होता, त्यांत माझं नाव होतं. मला फोन करण्याआधी तिनं ते पाहिलेलं होतं.