रिपोर्टमधलं तिसरं वाक्य

हे मी अजून कुणापाशी बोललेली नाही. आईपाशी नाही, भावापाशी तर नाहीच. मुळात मी कमी बोलते, त्यामुळे मी काही लपवतेय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अबोल असण्याचा हा एक फायदा आहे. लोक समजतात, साधी आहे बिचारी. मीही त्यांना तसं समजू दिलं — वर्षानुवर्षं.

तुला का सांगतेय, माहीत नाही. तू मला ओळखत नाहीस, कदाचित म्हणूनच.

मी बोरिवलीची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे गप्प. कॅमेरा हातात आला तेव्हा बरं वाटलं, कारण तो धरला की लोक आपल्याकडे बघत नाहीत. ड्रोन तर त्याहून बरा. आपण खाली मान घालून एका जागी उभं राहायचं, आणि आपलं बघणं वर कुठेतरी लांब चाललेलं. ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेट काढलं, आणि केदार सरांकडे कामाला लागले. त्यांचं छोटंसं युनिट होतं. गोराईच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी कयाक आणि पॅडलबोर्ड शिकायला माणसं यायची, त्यांचे व्हिडिओ आम्ही करायचो. पॅडलबोर्ड म्हणजे उभ्याने वल्हवत न्यायची रुंद फळी. सर किनाऱ्यावर गिऱ्हाईकं सांभाळायचे. बोटीत आम्ही दोघंच — मी आणि गजाकाका.

गजाकाकांबद्दल नीट सांगायला हवं. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः विक्रोळीच्या चाळीत वाढलेले. पन्नाशी उलटलेली. बोट ते चालवायचेच, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. पाण्यावर ड्रोन उडवताना उडवणाऱ्याची नजर स्क्रीनवर असते. म्हणून दुसऱ्या कुणीतरी नुसत्या डोळ्यांनी ड्रोनकडे आणि त्याच्याखालच्या माणसांकडे बघत राहायचं असतं. त्याला स्पॉटर म्हणतात. शिवाय हलत्या बोटीत ड्रोन उतरवता येत नाही. जाड हातमोजे घालून तो खालून अलगद पकडावा लागतो. काका दोन्ही करायचे. ड्रोनला ते मच्छर म्हणायचे. "इलो गो तुजो मच्छर," म्हणत हात वर करायचे आणि पेरू तोडावा तसा तो हवेतून काढून घ्यायचे. मी तासन्‌तास बोलले नाही तर म्हणायचे, "बॅटरी मच्छराची चार्ज केलंस, तुजी रवली काय?" मी हसायचे. ते तेवढ्यावर खूश.

ते नियम पाळायचे, माझ्यापेक्षा जास्त. माणसाच्या डोक्यावरून न्यायचा नाही, कडेने न्यायचा. बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर आली की परत. आणि होम पॉइंट.

हा होम पॉइंट एकदा समजून घे, पुढचं सगळं त्यावरच आहे. बॅटरी फार उतरली की ड्रोन आपणहून मागे फिरतो. पण कुठे? जिथून उडाला तिथे. जमिनीवर ते ठीक आहे. बोट मात्र हलते. ती दुसरीकडे गेली की कंट्रोलरमध्ये जाऊन ड्रोनला नवी जागा द्यावी लागते. नाही दिली, तर तो जुन्याच जागी जाऊन खाली यायला लागतो, मग तिथे पाणी असो की माणूस.

म्हणून बोट जरा सरकली की काका विचारायचे, "काय गो, पॉइंट बदललंस मा?" दर वेळी. मी "हो" म्हटल्याशिवाय पुढे बघायचेच नाहीत. आमच्या कामाची ती पद्धतच होती — त्यांनी मोठ्याने विचारायचं, मी मोठ्याने सांगायचं. चांगलीच पद्धत होती ना?

पण मला ती खुपायची. इथे मी पहिल्यांदा खरं बोलतेय. गिऱ्हाईकांसमोर ते विचारायचे तेव्हा माझे कान गरम व्हायचे. सर्टिफिकेट माझं, ट्रेनिंग मी घेतलेलं, आणि मला रोज तपासतंय कोण — आठवीत शाळा सोडलेला बोटवाला? असं मी कधी बोलले नाही. असं मला वाटतं हेही मला कबूल नव्हतं. तोंडाने मी "काका, काका" करायचे.

त्या सकाळी पाण्यावर आठजण होते, एका कंपनीतले सहकारी. त्यांच्यात पवईची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. पहिल्यांदाच फळीवर उभी राहिलेली आणि न पडल्याचा आनंद तोंडभर. ड्रोन बोटीतून उडवला. थोड्या वेळाने सरांचा फोन आला, ऊन समोरून येतंय, बोट कांदळवनाच्या बाजूला घ्या. काकांनी घेतली. दीडशे-दोनशे मीटर असेल.

"पॉइंट बदललंस मा?"

मी "हो" म्हणाले.

बदलला नव्हता. चांगला शॉट चालला होता, ते आठजण एका रेषेत येत होते, पाणी सपाट होतं. सेटिंगमध्ये शिरले असते तर तो हातातून गेला असता. मनात म्हटलं, मीच हाताने परत आणणार आहे, काय फरक पडतो? त्यात त्यांनी विचारलंच का, हा रागही होता. "हो" म्हणून गप्प करून टाकलं त्यांना.

शॉट लांबला. बॅटरी किती उतरलीय ते मला दिसत होतं. काकांनी एकदा "पुरे आता" म्हटलंही. आणि मग कंट्रोलर वाजायला लागला. ड्रोन आपणहून परत निघाला होता.

काकांनी हातमोजे चढवले. "येता मा?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ते बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले, हात तयार ठेवून, समोरच्या आभाळात बघत. ड्रोन आपल्याकडेच येणार असंच ते समजणार. मी तसं सांगितलं होतं.

तो आमच्याकडे येत नव्हता. तो जुन्या जागेकडे वळला, आमच्या पाठीमागे. आणि त्या जागेवर ते आठजण येऊन थांबले होते, फळ्या एकमेकांना चिकटवून, दम खात, हसत.

मला हे सगळं दिसत होतं. स्क्रीनवर, वरून, स्वच्छ. कंट्रोलरवर एक बटण असतं. दाबलं की ड्रोन थांबतो आणि पुन्हा आपल्या हातात येतो. माझा अंगठा त्याच्या बाजूलाच होता. दाबायला काय लागतं? नुसतं ओरडले असते, "काका, मागे" — तरी पुरलं असतं. पण थांबवला असता तर काकांनी विचारलं असतं, का थांबवलंस? मागे म्हटलं असतं तर विचारलं असतं, मागे कसा गेला? आणि मग माझं "हो" उघडं पडलं असतं.

म्हणून मी वाट बघितली. काहीजण गोंधळ झाल्यावर थिजतात. मी थिजले नव्हते — हेच मला सांगायचंय. मी विचार करत होते. ती माणसं बाजूला होतील, ड्रोन पाण्यात पडेल, मी म्हणेन बिघडला असणार. नवा येईल. आठ-दहा सेकंद तरी मी हा हिशेब करत होते.

आवाज मागून येतोय हे काकांच्या कानाने पकडलं. ते गर्रकन वळले आणि ओरडले, "बाजूक व्हा, बाजूक." त्या मुलीने वर बघितलं आणि हात आडवा धरला. पात्यांनी तिच्या दोन बोटांवर आणि भुवईवर कापलं. डोळा वाचला. फळीवरून ती पाण्यात पडली तेव्हा काकांनी कपड्यांनिशी उडी मारली. मी बोटीतच होते, कंट्रोलर छातीशी धरून.

तिच्या भुवईला टाके पडले. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही, असं नंतर सरांकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायचा होता. विम्यासाठी, आणि त्या कंपनीला द्यायला. सर म्हणाले, तू लिही, तुझं इंग्लिश चांगलंय. खरंच चांगलं आहे. शाळेत निबंधाची बक्षिसं मिळायची मला. एक पान लिहिलं, नेटकं. तिसरं वाक्य मराठीत सांगते — ड्रोन खाली येत असताना स्पॉटर दुसऱ्या दिशेला बघत होता आणि त्याने वेळेत इशारा दिला नाही.

यात खोटं काय आहे, सांग? एक शब्दही नाही. ते दुसऱ्या दिशेलाच बघत होते. इशारा उशिराच आला. किती वेळ लावून मी ते वाक्य बनवलं होतं. उड्डाणाची सगळी नोंद ॲपमध्ये राहते, होम पॉइंट कुठे होता तेही. ती मी अपघाताच्याच संध्याकाळी पुसून टाकली होती. कुणी मागितलीही नाही.

रिपोर्टवर तिघांच्या सह्या लागत होत्या. काका आले, उभ्याउभ्याच पेन घेतलं. सर म्हणाले, वाचून घ्या. काका हसले. "माका इंग्लिश खंय येता? आणि तिणा लिवलाना, मगे बराच आसतला." सही करताना ते मलाच धीर देत होते — "झाला ता झाला गो, जीवावरचा बोटावर गेला." त्यांना वाटत होतं मशीन बिघडलं. माझ्यावर त्यांना शंकासुद्धा आली नाही. मी "हो" म्हणाले होते ना.

आठवड्याने सरांनी त्यांना काढलं. कारण काय सांगितलं मला माहीत नाही, मी त्या दिवशी रजा टाकली होती. जेट्टीवर बातमी फिरायला वेळ लागत नाही. ह्याच्या बोटीवर पोरगी कापली, एवढंच फिरलं. दुसऱ्या कुणी त्यांच्या हातात बोट दिली नाही. तीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस विक्रोळीला एका गोडाऊनच्या दारात वॉचमन म्हणून बसायला लागला.

इथे थांबले असते तरी हा कबुलीजबाब पुरेसा झाला असता. पण मी इथे थांबले नाही.

पाच-सहा महिन्यांनी काकांचा फोन आला. सरांना अर्ज करायचाय, परत घ्या म्हणून, इंग्लिशमध्ये केला तर वजन पडेल. लिहून देशील का? बोरिवली स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलात भेटलो. वॉचमनच्या खाकी पॅंटवर त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. चहा त्यांनीच मागवला. म्हणाले, "लिव की माजी चूक नव्हती. मी नजर हलवूक नाय कधी. तुका म्हायत आसा."

मला माहीत होतं. सगळ्या जगात मला एकटीलाच माहीत होतं.

आणि मी काय लिहिलं? त्यांची चूक नव्हती असं लिहिलं असतं तर सरांनी विचारलं असतं, मग कुणाची? म्हणून मी लिहिलं — माझ्या दुर्लक्षामुळे अपघात झाला हे मी मान्य करतो, मला त्याचा पश्चात्ताप आहे, पुन्हा असं होणार नाही, एक संधी द्यावी. सुंदर इंग्रजीत. मनाशी म्हटलं, माफी मागितली की सर विरघळतील, त्यांचंच भलं होईल. तेव्हा मला ते पटलंही.

या वेळी त्यांनी विचारलं, "काय लिवलंस, वाच बघूया." रिपोर्टच्या वेळी विचारलं नव्हतं. मी कागद हातात धरला, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत गेले, आणि त्यांना मराठीत दुसरंच काहीतरी वाचून दाखवलं. अपघात अचानक झाला, माझी नजर ड्रोनवरच होती, तीस वर्षांत माझ्या हातून कुणाला इजा झालेली नाही. एकदाही अडखळले नाही. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सही केली, कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सरांनी अर्ज वाचून मला दाखवला. म्हणाले, "बघ, आता तरी कबूल केलं. पण कबूल केल्यावर मी परत कसा घेऊ सांग? उद्या काही झालं तर लोक मलाच धरतील." त्यांचं बरोबरच होतं. मी मान डोलावली.

काकांना नकार मीच फोनवर कळवला. त्यांनी सरांना दोष दिला. मी ऐकून घेतलं.

त्यांचा अर्ज रिपोर्टच्याच फाइलमध्ये लावलेला आहे, मागोमाग, दोन्हींवर त्यांची सही. सरांनी आता ऑफिसचं सगळं काम माझ्यावर सोपवलंय. फाइल कपाटात असते. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.