लांजेवारदादांची सही

सामना चालू असताना लांजेवारदादा कधी खुर्चीवर बसले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून रेषेच्या कडेने फेऱ्या मारायचे आणि ओरडायचे, "अबे, बॉल काय पाहून राहिला? मानूस पाह्य, मानूस!"

ते आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर. त्याआधी याच संघाचे सेंटर फॉरवर्ड. नोकरीही खेळावरच लागलेली. ऐन भरात असताना त्यांना कोलकात्याच्या एका क्लबने बोलावलं. भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईत कामगार झालेल्या वडिलांनी कॅम्प-1 या कामगार वस्तीतल्या घरात, जेवता जेवता एवढंच विचारलं, "पक्की नोकरी सोडून कोनी बॉलमांगं धावते का?" दादा राहिले. तिशीत गुडघा गेला आणि संघ त्यांच्या गळ्यात पडला. सकाळी रोलिंग मिल, संध्याकाळी मैदान. "गेटच्या बाहेरचा रस्ता मले ठाऊक हाय," ते हसत म्हणायचे, "पाय आयकत नाई."

मी त्यांच्याच मिलमध्ये कामाला, आणि त्यांच्या संघात लेफ्ट बॅक होतो. मला गोव्याच्या क्लबचं बोलावणं आलं, तेव्हा कोणालाही सोडायचं नाही असा वरून तोंडी हुकूम होता. दादांनी माझ्यासमोर परवानगीच्या कागदावर सही केली.

"जाय. अन् मांगं पाहू नोको."

त्या सहीपायी त्यांची बढती अडली. मला ते ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं. आणि मी तर गेलोच नाही. आईचं डायलिसिस नोकरीच्या सवलतीवर चालू होतं. हे सांगायला गेलो, तेव्हा दादा बुटांच्या नाड्या सोडत बसले होते. ऐकून त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"रागावले का दादा?"

"कावून रागावू? तुह्या जागी मी होतोच ना."

पुढे खेळाडूंची भरती बंद झाली, संघ विरत गेला. दादा रिटायर झाले, क्वार्टर सोडून हुडको कॉलनीत राहायला गेले. मॅनेजर म्हणून माझं नाव लागलं. शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तेव्हा त्यांना धाप लागत होती. तरी माझं मनगट धरून म्हणाले, "सही केली त्या दिवशी मले वाटलं होतं, चला, आपन दोघंही सुटलो."

चार दिवसांनी ते गेले. स्मशानघाटावरून परतलो, अंघोळ केली आणि सेकंड शिफ्टला हजर झालो. सुटी मागता आली असती, हे मिलमध्ये शिरल्यावर लक्षात आलं.