लाईन आखणारा तुळशीदास

लाईन हा शब्द इंग्रजी आहे असं लालबागच्या हरिनिवास चाळीत कुणी जाऊन सांगितलं, तर लोक त्यालाच वेड्यात काढतील. इथे लाईन जाते, लाईन येते. मसाला कुटायला डंकावर गेलं की लाईन लावावी लागते आणि मध्ये कुणी घुसलं की लाईन मोडते. शेजाऱ्याचा मुलगा बँकेत चिकटला तर तो चांगल्या लाईनीला लागला, दिवसभर चौकात कॅरम कुटत बसला तर त्याची लाईन चुकली. शब्द एकच. पण त्याच्या शेजारी तुम्ही कोण आणून बसवता, त्यावर अब्रू राहते की जाते ते ठरतं. लाईन लावणारा सभ्य माणूस, आणि लाईन मारणारा? त्याला मुलीचे भाऊ शोधत असतात.

हे तुळशीदास पेडणेकरला पुस्तकातून कळलं नव्हतं. अंगावर वळ उठून कळलं होतं.

तुळशीदास धंद्याने वायरमन. चिंचपोकळीपासून घोडपदेवपर्यंत कुणाच्या घरी बटण दाबून दिवा लागला नाही की त्याला बोलावणं. पंचविशीत असताना घोडपदेवच्या एका खोलीत तो नवीन वायरिंग करायला गेला. भिंतीवर पट्टी ठोकायच्या आधी रंग लावलेली दोरी ताणून टपकन सोडतात, म्हणजे सरळ रेघ उठते. कामातले लोक त्याला ‘लाईन मारणे’ म्हणतात. पण ते कामातले लोक. खोलीत एक मुलगी एकटीच तांदूळ निवडत बसली होती. तुळशीदासने दारात उभं राहून अगदी मर्यादेने विचारलं, “ताई, जरा सरकता का? मला तुमच्यावरून लाईन मारायचीय.”

ताईचा भाऊ मोरीत आंघोळ करत होता. तो साबणासकट बाहेर आला. पुढचं सांगण्यात अर्थ नाही, तुळशीदासचा पुढचा एक दात खोटा आहे एवढं लक्षात घ्या. त्या दिवसापासून तो लाईन ओढतो, टाकतो, जोडतो, तोडतो, देतो, तपासतो. मारत मात्र नाही. भिंतीवर रेघ उठवायची झाली की म्हणतो, “लाईन आखतो.” बरोबरचे वायरमन हसतात, हसू देत.

ताई म्हणूनही मार बसला, तरी ताईवरचा त्याचा विश्वास उडाला नाही. दिसेल त्या बाईला तो आधी ताई म्हणून टाकायचा. नाहीतर वहिनी, नाहीतर मावशी. एकदा का नातं जोडलं की माणूस सुरक्षित. अशी नाती जोडता जोडता पन्नाशी आली. आईचं आजारपण काढलं, आई गेली, भाऊ विरारला राहायला गेला, आणि तुळशीदास दुसऱ्या माळ्यावरच्या खोलीत एकटा उरला. लग्नाचं कुणी विचारलं की सांगायचा, “आता कुठे.” हे ‘आता कुठे’ तो तिशीतही म्हणत होता.

मग समोरच्या गॅलरीत मालन राहायला आली.

मालन देवगडकडची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मावशी वारल्यावर तिची खोली मालनकडे आली, तशी ती गाव सोडून इथे आली. आल्या आल्या तिने वाटप विकायला सुरुवात केली. कांदा-खोबरं भाजून, मिक्सरला लावून, वाटपाच्या पिशव्या फ्रिजमध्ये रचून ठेवायची. संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या बायका एक पिशवी उचलायच्या आणि अर्ध्या तासात घरात माशाचं सार तयार. चाळीने तिला डोक्यावर घेतलं. भाषा मात्र तिची गावचीच राहिली, आणि मुंबईतल्या शब्दांच्या खोड्या तिला ठाऊक नव्हत्या.

तुळशीदासला मालन आवडत होती. यात लपवण्यासारखं काही नाही, त्याने लपवलं तो भाग वेगळा. चाळीत ही गोष्ट फक्त एकीला कळली होती, तळमजल्यावरच्या मीराबाईंना. सत्तरीच्या बाई, दात नाहीत पण कान तिखट. त्यांनी हेरलं होतं की हा मेला अख्ख्या चाळीला ताई-वहिनी करतो, पण मालनला फक्त ‘मालनबाई’ म्हणतो. नातं जोडायचं मुद्दाम टाळतो. मीराबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही, म्हणजे बघा.

ऐन मे महिन्यात मालनचा मीटर जळला. कंपनीचे लोक येऊन बघून गेले, नवीन मीटर बसायला आठवडा तरी लागेल म्हणाले. फ्रिजमध्ये वाटप, बाहेर उकाडा. खोबरं काही कुणाची वाट बघत नाही. मालनचं पोट त्या फ्रिजवर होतं. ती घाबरीघुबरी गॅलरीत आली. संध्याकाळची वेळ, चौकात कॅरम रंगलेला, बायका कठड्याला टेकलेल्या. समोर तुळशीदास नुकताच कामावरून येऊन कुलूप काढत होता.

“अवो तुळशीदासानू,” मालनने खणखणीत आवाजात हाक मारली, “माका लाईन देतास काय? तुमी लाईन दिल्याबिगर माझा चलूचा नाय.”

खाली राजाराम खेळत होता. ह्या राजारामला चाळीत काम नाही, पण त्याच्यावाचून चाळीचं कुठलंही काम होत नाही. त्याने बोटाखालचा स्ट्रायकर सोडला, वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “दे की रे, तुळश्या. बाईमाणूस स्वतःच्या तोंडाने मागतंय.”

मग जो हशा पिकला, त्यात तुळशीदासला कुलपाचं भोक सापडेना. मालनला वाटलं मीटर जळला म्हणून हसतायत. ती चिडली. “हसतात काय मेले? तुमचो फ्रिज बंद पडलो मगे कळात.” त्यावर हशा दुप्पट.

तुळशीदासने लाईन दिली. आपल्या मीटरवरून वायर काढली, चौकाच्या ह्या गॅलरीतून त्या गॅलरीत थेट ताणली, आणि मालनच्या फ्रिजने हुंकार दिला. काळी वायर अख्ख्या चौकावरून आडवी गेली, अगदी कॅरमबोर्डाच्या डोक्यावरून. येणाराजाणारा मान वर करायचा आणि विचारायचा, “ही लाईन कुणाची कुणाला?” राजाराम उत्तर द्यायला कायम तयार.

आता वायर दिली म्हणजे बघायला जावंच लागतं. तुळशीदास रोज संध्याकाळी हातपाय धुऊन, भांग पाडून लाईन बघायला जायचा. लाईन बघायला भांग कशाला पाडावा लागतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. मालन घावणे घालायची, सोबत सुकटाची चटणी. तो जोडावरची चिकटपट्टी चाचपायचा, खायचा आणि ‘मालनबाई, येतो’ म्हणून निघायचा. तेवढ्यावर त्याचा दुसरा दिवस सरायचा.

चाळीला मात्र तेवढ्यावर भागत नव्हतं. राजाराम खालून विचारायचा, “काय मालनबाई, आज लाईन कशी आहे?”

“बरी हा,” मालन सरळ मनाने सांगायची. “मधी मधी जाता. तुळशीदासांनी हात लायलो की परत येता.”

ऐकून कॅरमवाले दोघंजण पोट धरून जिन्यावर बसले. तुळशीदास त्या वेळी जिना चढत होता. त्याने ते ऐकलं, हसणारे बघितले, आणि त्याच्या मनाला फार लागलं. स्वतःचं त्याला काही नव्हतं, त्याचा दात आधीच पडलेला होता. पण ही बाई विश्वासाने चारचौघांत बोलते आणि लोक तिची मजा घेतात, आणि ती मजा आपल्यापायी. सांगावं तरी कसं? सांगायचं तर तोच शब्द तिच्यासमोर उच्चारायचा. ‘मालनबाई, तुम्ही जे बोलता त्याचा अर्थ असा असा होतो.’ तिने दार लावून घेतलं म्हणजे? घावणे गेले, ‘तुळशीदासानू’ गेलं. न सांगावं तर हसं चालूच. शेवटी त्याने आपल्या स्वभावाला शोभेल असं केलं. त्याने जाणंच बंद केलं. लवकर कामाला निघायचा, उशिरा परतायचा, आणि समोरच्या गॅलरीकडे मान वळवायची नाही.

मालनला कळेना. दोन दिवस घावणे वाफ जाऊन गार झाले. तिसऱ्या दिवशी ती मीराबाईंकडे उतरली. “माझा काय चुकला गो मावशी? चटणी तिखट झाली?”

मीराबाईंनी तिला बसवलं, दार लोटलं आणि सगळं उलगडून सांगितलं. मारणे म्हणजे काय, देणे म्हणजे बाईचा होकार कसा, राजाराम का हसतो. घोडपदेवचा साबणवाला भाऊ सांगितला, खोटा दात सांगितला, ‘आखतो’ सांगितलं. आणि जाता जाता म्हणाल्या, “ह्या चाळीत तो कुणाकुणाला ताई म्हणतो ते मोज. मग तुला काय म्हणतो ते बघ.”

मालनचे कान लाल झाले. ती वर गेली ती दोन दिवस गॅलरीत दिसली नाही. वाटपाच्या पिशव्या दाराच्या फटीतून द्यायची. चाळीला चुटपुट लागली. राजारामसुद्धा कॅरम अर्धवट टाकून उठला, म्हणाला, “जास्ती झालं काय रे आपलं?” तुळशीदास आता चोरून ते बंद दार बघायचा आणि त्याला जेवण जायचं नाही. तिला कळलं, आणि तिने दार लावून घेतलं. ज्याची भीती होती तेच झालं असं त्याने धरलं.

रविवारी कंपनीची माणसं आली आणि मालनचा मीटर बसला. म्हणजे तुळशीदासची लाईन आता काढायची. चाळीचा नियमच तसा, कंपनीची वीज आली की उसनी वायर ठेवायची नाही. तुळशीदास पक्कड घेऊन समोरच्या गॅलरीत गेला. ही वायर निघाली की त्या दारापर्यंत जायला त्याच्याकडे दुसरं काही कारण उरत नव्हतं, आणि कारणाशिवाय कुणाकडे जायची त्याला सवय नव्हती. त्याने स्टूल ठेवलं, वर चढला, वायर अडकवलेल्या हुकाला हात घातला. खाली चौकात राजाराम आणि मंडळी, कठड्याला बायका, मीराबाई मुद्दाम खुर्ची बाहेर घेऊन बसलेल्या.

“मालनबाई,” तो दाराकडे न बघता म्हणाला, “मीटर आला. लाईन काढतो.”

दार उघडलं. मालन बाहेर आली. धुतलेलं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. ती कठड्याशी आली, आधी खाली राजारामकडे बघितलं, चांगलं नजर रोवून, तो कॅरमवरची पावडर झटकायला लागेपर्यंत. मग वर, स्टुलावर बघितलं.

“ती वायर काढा,” ती म्हणाली, पहिल्या दिवशीच्याच खणखणीत आवाजात. “पण तुळशीदासानू, मी तुमका लाईन दिलंय. हय सगळ्यांसमोर दिलंय, आणि आता माका तेचो अर्थ म्हायत हा. तुमी ती आखीत बसतलास की मारतलास, ता सांगा.”

चौकात कुणी हसलं नाही. तुळशीदासच्या हातातली पक्कड सुटून खाली गेली आणि बरोबर कॅरमबोर्डाच्या मधोमध आदळली, सोंगट्या चारी दिशांना उडाल्या. तो स्टुलावर उभा, एक हात हुकाला. पंचवीस वर्षं जो शब्द जिभेवर येऊ दिला नव्हता, तो अखेर बाहेर पडला.

“मारतो,” तो म्हणाला.

“मगे आधी खाली उतरा,” मालन म्हणाली, आणि स्टूल धरायला पुढे झाली. “थयसून मारूक नको. पडशात, आणि उरलेले दात जातले.”