हाफपँटीतला देवाचा कापूस

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण कुणी काढली की सगळे हसतात. मी हसत नाही. कुणी विचारलंच तर सांगते, आमच्या घरात जावई डॉक्टर नव्हता, पण अवघड जागेचं दुखणं होतं आणि त्या दुखण्यानं माझा भाऊ नेला. मग विचारणाऱ्याचं हसू जागच्या जागी विरतं. विरू दे.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आम्ही सोनगीरचे. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, थोडी कोरडवाहू जमीन होती, तिच्यात कापूस आणि बाजरी. भाऊ माझ्याहून मोठा, सातवी पास. त्याला धुळ्याच्या एका जिनात काट्यावर कारकुनी मिळाली. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथं गाडीवानांनी आणलेला कापूस तोलून घ्यायचा, हे त्याचं काम. नोकरी हंगामापुरती होती, पण मुनीम म्हणाला होता, “गुढीपाडव्यापर्यंत एकही खाडा न करता आलास तर कायम करतो.” भाऊ कायम झाला की त्याचं लग्न होणार होतं. मुलगी बघून ठेवलेली होती आणि तिचा बापही पाडव्याकडेच डोळे लावून बसला होता. शेतीत राम उरला नव्हता. गावातल्या तांबटांचे हातोडेसुद्धा तांबं-पितळ मिळेना म्हणून गप्प पडले होते. एका पाडव्यावर आमच्या अख्ख्या घराचा जीव टांगलेला होता.

सोनगीर ते धुळे आग्रा रोडनं सहा कोस. पेट्रोल नाही म्हणून मोटार कधी यायची, कधी नाही. मग आबांनी कुणाची तरी जुनी सायकल मिळवली. पहिल्याच दिवशी भाऊचं धोतर चेनमध्ये गेलं आणि तो आग्रा रोडवर सायकलीसकट आडवा झाला. संध्याकाळी फाटकं धोतर गुंडाळून, गुडघा सोलून घरी आला. खाडा मात्र केला नव्हता. तसाच जाऊन दिवसभर काट्यावर उभा राहिला होता.

त्या दिवशी ठरलं, धोतर बाद, हाफपँट पाहिजे.

आता हे हसण्यासारखं वाटेल, पण आमच्या गावात लग्नाच्या वयाला आलेल्या माणसाचे गुडघे शेतात आणि विहिरीवर सोडले तर कुठं दिसायचे नाहीत. भाऊ हाफपँट घालणार म्हटल्यावर पारावरच्या लोकांना काम मिळालं. “काय रे, फौजमा गया का?” असं त्याला येता-जाता विचारायचे. आबा म्हणाले, “हसू दे त्यास्ले. आपण काय त्यास्ना घर जेवाले जातस?” आबांचं असं होतं. दुनियेला फाट्यावर मारायचे, पण कापडाच्या बाबतीत मात्र त्यांच्यासारखा चिकट माणूस खानदेशात नसेल.

कापड घ्यायला आम्ही बैलगाडीनं धुळ्याला गेलो. मीही हट्टानं गाडीत बसले. कंट्रोलचे दिवस, कापड सरकारी मापानंच मिळायचं, आणि दुकानात मोजून दोन प्रकारची खाकी. एक पातळ, मऊ, हातात घेतली की पाण्यासारखी सरकणारी. दुसरी जाड ड्रिल, तंबूसारखी. भाऊनं मऊ कापड उचललं, गालाला लावून बघितलं. आबांनी दुसऱ्या ताग्याचं टोक दोन्ही हातांनी ताणलं आणि म्हणाले, “हे घे. दोन-तीन वर्षं मरण नाही याला.”

आमच्या घरात कपड्याची परीक्षा एकच, किती टिकतो. अंगाला कसा लागतो हे विचारणं म्हणजे थेरं. बायकांनी तर विचारूच नये आणि पुरुषांनीही विचारलं की तो नाजूक ठरायचा. भाऊनं मऊ कापड परत ठेवलं, नीट घडी करून. आबांच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. जायला हवं होतं.

शिंप्यानं माप घेतलं आणि सायकलीसाठी हवी म्हटल्यावर सांगितलं, की चार शिवणी बरोबर बसायच्या जागी एकत्र येतात, तिथं वेगळा तुकडा लावला तर शिवण बाजूला जाईल, पण कापड जास्त लागेल. कापड होतं तेवढंच होतं. मग तो म्हणाला, खिसे नको करू या, त्याचा तुकडा होईल. भाऊ पटकन म्हणाला, खिसे पाहिजेत. काट्यावरच्या कारकुनाला खिसा नाही म्हणजे काय? तिथं सगळ्यांना असतात. त्याचं वय काय होतं, त्याला रुबाब हवा होता. मी त्याला दोष देत नाही. आबांना टिकाऊ कापड मिळालं, त्याला खिसे मिळाले आणि शिवण राहिली जिथल्या तिथं.

ती पँट खरंच टिकली. माझ्या भावापेक्षा जास्त टिकली.

चार-आठ दिवसांत भाऊ घरी आला की पाय फाकवून चालायला लागला. सहा कोस जायचं, सहा कोस यायचं, सायकलीचं सीट लाकडासारखं, ड्रिल खरखरीत, वर घाम. मायनं विचारलं तेव्हा म्हणाला, “सीट कडक शे माय, बाकी काही नही.” एवढंच. पुढचं बोलायची पद्धत आमच्यात नव्हती. कमरेपासून गुडघ्यापर्यंत माणसाला अंग असतं, हेच आमच्या घरात कुणी बोलायचं नाही.

पण मायला एवढं पुरलं. कापसाच्या मुलखातली बाई ती, तिच्या लेखी कापसानं बरी होत नाही अशी गोष्ट नव्हती. कान दुखला, कापूस. पोर रडलं, मऊ दुपटं. तिच्या हातच्या गोधड्या गावात नावाजलेल्या. तिनं ठरवलं, पँटीत बसायच्या जागी गादी शिवायची. आणि साधा कापूस नाही घेतला. आमच्याकडे पहिल्या वेचणीला शेतातल्या एका झाडापुढे दही-भाताचा नैवेद्य ठेवतात, हळद-कुंकू वाहतात आणि त्या झाडाचा कापूस देवाच्या वातींसाठी वेगळा ठेवतात. तो कापूस तिनं डब्यातून काढला. बोटांनी सरकी काढली, वाळक्या पत्तीचा कण न् कण वेचला आणि अस्तर लावून त्याची जाड गादी पँटीच्या आत शिवून टाकली. शिवताना तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. लेक रोज मोठ्या रस्त्यानं जातो, त्याच्याखाली देवाचा कापूस असावा, असं तिच्या मनात.

भाऊनं पहिल्या दिवशी ती घातली आणि अंगणात दोनदा बसून-उठून दाखवलं. आम्ही पोट धरून हसलो. मी म्हटलं, “तू तर गादीवर बसणारा संस्थानिक झालास.” तोही हसला. आमच्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू असावं, मला दुसरं आठवत नाही.

कापूस कोरडा असतो तोवर मऊ. घामानं भिजला की त्याची ढेकळं होतात, आणि वाळला की ढेकळं खड्यासारखी. आत लंगोटाची गाठ, तिच्याखाली ती ढेकळं आणि ओल, त्याखाली चार शिवणींचा जाड जोड. रोज. हे आम्हा कापूस पिकवणाऱ्यांना कळू नये, यापरतं दुर्दैव काय? पण कापूस आम्ही विकायला पिकवत होतो, त्याच्यावर बारा कोस बसून कोण कधी गेलं होतं.

रोज सकाळी तो निघाला की माय दारात यायची. “गादी बरी शे ना रे?”

“बरी शे माय.”

रोज हेच. तो काय सांगणार होता? आईनं देवाचा कापूस शिवलेला, तो उसवायचा? आणि कुठं टोचतं म्हणून सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

संक्रांत झाल्यावर त्यानं एक नवीन गोष्ट सुरू केली. संध्याकाळी आला की स्वतःची पँट स्वतः विहिरीवर नेऊन धुवायचा. आमच्या घरात पुरुषानं कधी लुगडं-धोतर पिळलं नव्हतं. मी चिडवलं, “बायको यायच्या आधीच धुणं शिकतोस का?” तो म्हणाला, “हो, तिला आयता नवरा मिळेल.” गावातली माणसं सांगायची, तुमचा भाऊ सायकल उभ्यानं मारतो, अंगात वारा शिरलाय. जेवायला तो एका मांडीवर कलून बसायचा. कधी उभ्याउभ्याच भाकरी खायचा आणि उशीर झाला म्हणायचा. माय म्हणायची, पाडवा जवळ आला ना, त्याला कशाचं भान नाही.

होळीच्या आधी ताप आला. तरी दोन दिवस तो तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सायकलीवर टांग टाकायला गेला आणि अंगणातच कोसळला. माय त्याला उचलायला धावली. शुद्ध आल्यावर तो पहिलं काय बोलला तर, “माय, खाडा पडना.” खाडा पडला, याचीच त्याला हळहळ.

बैलगाडीत पालथा घालून त्याला धुळ्याला नेला. पालथा का, हे मायनं विचारलं. उताणा झाला की कळवळतो, पडताना पाठीला लागलं असेल, असं आबा म्हणाले. त्यांनाही तोवर ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं. दाराला पडदा होता. माय ओट्यावर बसून नवस बोलत होती आणि मी पडद्याच्या जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. बसायच्या जागी काळपुळी, म्हणजे विषारी गळू होतं, बऱ्याच दिवसांचं. विष रक्तात गेलं होतं.

डॉक्टर रागानं म्हणाले, “इतके दिवस कुठं होतात? आता आणता होय?”

आबा म्हणाले, “रोज तुमच्याच दारावरून जात होता साहेब. सकाळ-संध्याकाळ.”

 डॉक्टरांनी चिरा दिला, पुड्या दिल्या. भाऊचा ताप काही उतरला नाही. पुढचे दिवस मला सांगवत नाहीत आणि मी सांगणारही नाही. गावात होळी पेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. जाईपर्यंत पाडव्याला किती दिवस आहेत ते विचारत होता.

आबांनी मला परसात नेऊन सांगितलं, “मायला म्हणायचं ताप होता. दुसरं काही नाही. तिनं शिवलेल्या गादीचं तिला कधी कळता कामा नये.” मी मान हलवली. गावालाही तेच सांगितलं, मुदतीचा ताप. मायनं ते धरलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, माझ्या पोराला नजर लागली, ताप आला.

तेराव्यानंतर माझा चुलतभाऊ आला. भाऊच्या जागी जिनात आता तो लागला होता आणि सायकलही आबांनी त्यालाच दिली होती. मेलेल्याचे कपडे वाटून टाकायची रीत आहेच, आणि कंट्रोलच्या दिवसांत ड्रिलची पँट कोण सोडतो? त्यानं मायजवळ पँट मागितली. वर म्हणाला, “काकू, तुम्ही गादी शिवली आहे म्हणे, ती राहू द्या. बसायला बरं.”

आबा शेतात होते. ती पँट आधीच नाहीशी करायचं ना त्यांना सुचलं होतं, ना मला. मी पुढे होऊन मायला म्हटलं, “आण, मी काढून देते.” पण मायनं खुंटीवरची पँट आधीच मांडीवर घेतली होती. इतके महिने तिनं ती आतून पाहिली नव्हती, भाऊच धूत होता ना. देवाचा कापूस दुसऱ्याच्या पँटीत जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिच्या मनात असावं. तिनं पँट उलटी केली, विळीच्या पात्यानं टाका तोडला आणि तिचे हात थांबले.

अस्तर काळं पडलं होतं. थरावर थर. धुऊनही न गेलेलं रक्त आणि पू, आणि आत कापसाचा दगड.

 माय माझ्याकडे पाहून म्हणाली, “ताप व्हता ना त्याले?”

 मी खाली बघितलं आणि तिला कळायचं ते कळलं.

आमच्याकडे कापसाला पाय लागला तर लोक कपाळाला हात लावतात. जाळणं तर दूरच. माय उठली, तो सगळा कापूस तिनं उपसून काढला आणि चुलीत टाकला. पेटायला वेळ लागला. मग रिकामी पँट तिनं चुलतभावाच्या हातात न देता आपल्या मांडीवरच पसरली, त्या शिवणींच्या जोडावरून बोट फिरवलं आणि समोर भाऊ बसला असावा तशी त्या पँटीशी बोलली.

“माले सांगाले कसानी लाज व्हती रे? मीच तर धोयेल शे तुले.”