फौजदारणीचा कप

आमच्या धुलाईखान्यात तिला सगळे फौजदारीण म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. इस्पितळाच्या तळमजल्यावर मी इस्त्रीच्या यंत्राशी, ती छाटणीच्या टेबलाशी. वॉर्डांतून आलेली मळक्या चादरींची गाठोडी सोडायची आणि रक्ताची वेगळी, साधी वेगळी करायची, हे तिचं काम. नाकावर माशी बसू द्यायची नाही. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, स्वतःचं लग्न राहूनच गेलं, आणि आता ती त्याच्याच घरात राहायची.

छाटणीचे जाड हातमोजे खुंटीला लटकलेले असायचे. ते घातले की कापडात काय लपलंय ते कळत नाही, म्हणून सगळ्या बायका उघड्या हाताने चादरीवरून पंजा फिरवायच्या. ही युक्ती फौजदारणीनेच शिकवलेली. तिलाच ती भोवली. एका उशीच्या खोळीत इंजेक्शनची सुई निघाली. बोटाला टोचली, थेंबभर रक्त आलं आणि सवयीने तिने बोट तोंडात घातलं. मग सुईकडे नीट पाहिलं. आत कुणाचं तरी वाळलेलं रक्त होतं. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"साबणानं धू आणि लाग कामाला," मुकादम म्हणाला. "इथं सगळ्यांनाच कधी ना कधी टोचतं. उगाच गवगवा नको."

"बोट माझं आहे, मुकादम. गवगवाही माझाच होऊ दे."

बोट धुऊन, सुई रिकाम्या डब्यात टाकून, ओल्या एप्रनवरच ती जिना चढली. मला ओढत नेलं. वरची डॉक्टरीण चांगली होती. एड्सची भीती किती, हे हिने सरळ विचारलं आणि तिनेही सरळ सांगितलं. सुई बाधित माणसाची असली तरी हजारात दोन-तीन जणांनाच लागण होते. पण ही कुणाची ते कळायला मार्ग नाही, तेव्हा गोळ्या आत्ताच सुरू करायच्या, उशीर करायचा नाही. त्या महिनाभर घ्यायच्या, पुढे तपासण्या. बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही. घरात एकत्र खाण्यापिण्याने कुणाला काही होत नाही.

मी म्हटलं, "घरी कशाला सांगतेस?"

"का? चोरी केलीये मी?"

तिने सांगितलं. भावाची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिचा चहाचा कप फळीवरून उतरून खिडकीत जाऊन बसला होता, एकटा. आणि आत्याजवळ जायचं नाही, अशी त्याच्या लहान लेकीला ताकीद. डॉक्टर काय म्हणाली ते हिने त्याला तीनदा सांगितलं. त्याचं एकच, "सांगता येतं का?"

ज्याला हिने आपल्या ताटातला घास भरवून मोठं केलं तो हा! मला इतका संताप आला की हातातला कोट करपला. ती इस्त्रीच्या यंत्रामागे एकदा रडली, ते फक्त मी पाहिलं. घरी मात्र रोज कप खिडकीतून उचलायची, चहा प्यायची आणि फळीवर सगळ्यांच्या कपांशेजारी नेऊन ठेवायची. भाऊ तो पुन्हा खिडकीत ठेवायचा. भावजय मान खाली घालून भांडी विसळत असायची. गोळ्यांनी हिला मळमळायचं, तरी हे युद्ध एक दिवस चुकलं नाही.

इकडे मुकादमाच्या टेबलावर सुईचा डबा आपटून तिने पातळ, बोटांना कळेल असे हातमोजे आणायला लावले. "पंजा फिरवायचं मीच शिकवलं, आता मीच बंद करते," म्हणाली. उघड्या हाताची बाई दिसली की तिची धडगत नसायची.

शेवटच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरीण हसून म्हणाली, "काही नाही. निर्धास्त राहा." मी तिथेच रडले. हिने बाहेर येताच दम भरला, "घरी तू तोंड उघडायचं नाहीस."

मी तिच्याबरोबर घरी गेले, तर भाऊ दारातच उभा होता. "ताई, काय आलं?"

ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. भावजयीने चहा दिला. ती अर्धा प्यायली आणि आपला कप भावापुढे सरकवला.

"आधी हा संपव. मग सांगते."

"हा काय पोरकटपणा, ताई? आधी सांग."

"आधी कप."

तो कपाकडे बघत राहिला, हात काही पुढे येईना. तेवढ्यात भावजयीने पदराला हात पुसले, कप उचलला आणि उभ्या उभ्या संपवला. मग आतल्या खोलीकडे वळून लेकीला हाक मारली, "ये गं, बस आत्याजवळ." पोर धावत आली आणि थेट मांडीत चढली.

"अगं, पण आलं काय ते तरी कळू दे!" भाऊ ओरडला.

फौजदारणीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुला सांगते," ती भावजयीला म्हणाली. "तू विचारलं नाहीस म्हणून."